तोरबाच्या हातावर दही

टॉवेल काढायला म्हणून मी जिन्यावरचं कपाट उघडलं, तर खालच्या फळीवर, उशांच्या अभ्र्यांमागे, आईचं दह्याचं भांडं. स्टीलचं, एका बाजूनं चेपलेलं, वर ताटली, आणि सगळ्याभोवती तो लाल-पांढरा क्लबचा मफलर. पुढे गाठ मारलेली. आई मारायची तशीच.

आई जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तरी एक क्षण मला खरंच वाटलं, ती खाली ओट्याशी उभी आहे आणि आत्ता विचारेल, "सुजा, लागलंय का बघ गं."

आवाज आला तो बाबांचा. ओरडलेच ते जिन्याखालून. "हात लावू नकोस! हलवलंस की मोडतं ते."

"बाबा, दही लावलंय तुम्ही?"

"मग काय बॉम्ब लावलाय?"

मी ताटली जराशी सरकवून पाहिलं. दूध होतं. नुसतं दूध, वर सायीचा पापुद्रा, आणि भांडं हाताला गार लागत होतं. टॉवेल घ्यायचा विसरून मी खाली आले. बाबा डायनिंग टेबलाशी चष्मा पुसत बसले होते, उगाच.

"शनिवारी टॉर्बेनची शेवटची मॅच आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "खेळणं सोडतोय तो."

म्हणजे हे त्याच्यासाठी चाललं होतं. या घरात दह्यावरून जन्मभर कोण भांडलं असेल, तर ते माझे बाबा.

लीड्समधल्या आमच्या या घरात जिना संपतो तिथं एक अरुंद कपाट आहे. पूर्वी त्यात गरम पाण्याची तांब्याची टाकी होती, आणि तिच्या उबेला धुतलेले कपडे ठेवायचे, ही इथली पद्धत. आई पुण्याहून आली त्या पहिल्या हिवाळ्यात तिचं दही काही केल्या लागेना. दूध चार चार दिवस तसंच, वर नासका वास. रडकुंडीला आली होती बिचारी. मग एकदा टॉवेल ठेवताना तिला त्या टाकीची ऊब लागली आणि तिनं या इंग्रज कपाटाचा खरा उपयोग शोधून काढला. माझ्या लहानपणीच्या टॉवेलांना म्हणूनच कायम तो वास असायचा, गरम सुती कापडाचा आणि मागून हळूच आंबटसर दुधाचा. शाळेत एका मुलीनं मला विचारलंही होतं, तुमच्याकडे बाळ आहे का म्हणून.

बाळ नव्हतं. पण मी पंधरा वर्षांची असताना आमच्याकडे तोरबा आला.

त्याचं खरं नाव टॉर्बेन. जर्मनीच्या उत्तरेकडचा, समुद्राजवळच्या कुठल्याशा वाऱ्याच्या गावचा. लीड्सच्या बाहेर एक छोटा फुटबॉल क्लब होता, अगदी खालच्या डिव्हिजनमधला. लांबून आलेली पोरं तो क्लब गावातल्या कुटुंबांत ठेवायचा, घरचं जेवण मिळावं म्हणून. आमची शेजारीण मॉरीन तिथं खेळाडूंचे कपडे धुवायची. तिनं आईला विचारलं, तुमची वरची छोटी बॉक्स रूम रिकामीच आहे ना? रिकामी कसली! माझं अभ्यासाचं टेबल होतं तिथं. पण मला कोण विचारतंय? एका शनिवारी टेबल जिन्याखाली गेलं आणि दारात एक सतरा वर्षांचा, ताडमाड उंच, लाल कानांचा मुलगा उभा राहिला. हातात बुटांची पिशवी. आईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मराठीत म्हणाली, "अगं बाई, केवढा वाळलाय हा."

टॉर्बेन हे नाव तिच्या जिभेवर दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी धोंडिबा, कोंडिबा, तसा तो तोरबा झाला. आणि तो तिला काकू आणि बाबांना काका म्हणायला लागला, कारण आमच्याकडे येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तसंच म्हणायचं आणि त्याला वाटलं, तीच त्यांची नावं आहेत. खूप महिन्यांनी एका कार्यक्रमात त्याला दुसरी एक काकू भेटली तेव्हा तो गोंधळून आईकडे बघायला लागला होता. आई हसून हसून खुर्चीत बसली.

पहिले दोन दिवस तिनं त्याच्यासाठी वेगळे बटाटे उकडले. तो निमूट खायचा आणि आमच्या ताटांकडे बघायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? पिठलं होतं. त्यानंतर या घरात कुणासाठी वेगळे बटाटे उकडले नाहीत.

त्या दिवसांचा वास मला अजून येतो. पोर्चमध्ये त्याचे ओले बूट, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. चिखल आणि तुटलेलं गवत. पायांना चोळायच्या त्या मलमाचा डोकं गच्च करणारा वास जिन्यावरून खाली उतरायचा आणि मधे कुठंतरी त्याला आईची मोहरीची फोडणी भेटायची. मी नाक दाबून "शी!" म्हणत फिरायचे. आणि आवाज. पोर्चच्या फरशीवर बुटांच्या खिळ्यांचा टक टक आवाज झाला की आई आतूनच ओरडायची, "तोरबा, आधी बूट!" त्याला सगळ्यात आधी समजलेलं मराठी वाक्य तेच असावं.

तो मिडफिल्डर होता. आईनं तीन-चार मॅच बघितल्या, मॉरीनच्या शेजारी बसून, मांडीवर थर्मास घेऊन. गोल कुणी केला याकडे तिचं लक्षच नसायचं. घरी येऊन ती बाबांना सांगायची, "अहो, तो मधला आहे. मागच्यांचं सांभाळायचं, पुढच्यांना द्यायचं. ओरडा मात्र दोन्हीकडून खायचा." मग कणीक मळता मळता म्हणायची, "मीही मधलीच." पाच भावंडांत ती बरोबर मधे. फुटबॉल तिला एवढाच कळला होता आणि मला वाटतं, आमच्यात सगळ्यात जास्त तिलाच कळला होता.

आणि तो खेळायचा, खरंच, छान. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं, पण एवढं दिसायचं की बाकीचे पळत असायचे आणि हा चालत असायचा. चेंडू यायच्या आधी एकदा मान वळवून मागे बघायचा. मग चेंडू यायचा आणि तो जिथं कुणीच नाही तिथं पाठवायचा, आणि नेमकं तेवढ्यात तिथं कुणीतरी पोचायचं. कसं कळतं तुला, मी एकदा विचारलं होतं. त्यानं खांदे उडवले. "आय जस्ट लुक, सुजा."

दही सुरू झालं ते त्याच्या पहिल्या मोठ्या मॅचच्या सकाळी. तो दारात बूट घेऊन उभा, तोंड पांढरंफटक. आई आतून वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "हात." त्यानं हात पुढे केला. तिनं चमचाभर दही घातलं, वर साखरेची चिमूट. तो त्या तळहाताकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी खूण केली, खा. त्यानं चाटलं, सगळा हात, मोठ्ठा आवाज करून, आणि नंतर ट्रॅकसूटला पुसला. "अरे, पँटला काय पुसतोस!" आई ओरडली.

त्या मॅचमध्ये तो फार चांगला खेळला म्हणे. झालं. त्यानंतर दर शनिवारी.

बाबांना हे सहन व्हायचं नाही. आमचं घर बौद्ध, आणि बाबा त्यातही कडक. बावीस प्रतिज्ञा त्यांनी नुसत्या घेतल्या नव्हत्या, त्या घराला लावल्या होत्या. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती, पण तिच्यापुढे उदबत्तीसुद्धा ते का-कू करत लावू द्यायचे. त्यात ते हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर. दिवसभर माणसांची हाडं बघणारा माणूस. "दह्यानं गोल होतात का?" ते विचारायचे. "आपण हे सगळं सोडून कशासाठी आलो? पोराला काय शिकवतेयस तू?"

"दही काय देव आहे का?" आई म्हणायची. "मी नवस बोलले? गंडा बांधला? दही आहे. पोटाला थंड असतं."

"मग जेवताना दे."

"जेवताना देतेच."

यावर बाबा पेपर उघडायचे. तोरबा बिचारा दोघांच्या मधे हात पुढे करून उभा, आणि दर शनिवारी हेच, शब्दही तेच. मला आता असं वाटतं की त्यालाही ते भांडण ऐकल्याशिवाय निघणं जमत नसावं.

चौदा एप्रिलला आम्ही त्याला कम्युनिटी हॉलवर न्यायचो. निळे झेंडे, लहान मुलांची भाषणं, मोठाल्या पातेल्यांतली भाजी, आणि भाषणं लांबली की मागच्या रांगेतली ती झोपेला आलेली ऊब. तो कोपऱ्यात खुर्च्या उचलायचा, एका हातात चार. लेस्टरहून आलेल्या एका बाईंनी आईला विचारलं, "हा कोण हो?" आई म्हणाली, "आमचा आहे." त्या बाई त्याच्या लाल कानांकडे बघत राहिल्या.

मग तो फेब्रुवारी आला.

मँचेस्टरच्या एका मोठ्या क्लबचा माणूस त्याला बघायला येणार होता. शनिवारच्या मॅचला. आठवडाभर घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तोरबा जेवताना मधेच थांबायचा आणि भिंतीकडे बघायचा. आईनं गुरुवारी दूध आटवून ठेवलं, शनिवारसाठी खास घट्ट लावायचं म्हणून. आणि शुक्रवारी सकाळी आमचा बॉयलर बंद पडला.

बाहेर बर्फ. दुरुस्तीवाला म्हणाला, सोमवारच्या आत जमणार नाही. आम्ही कोट घालून टीव्ही बघितला, पातेल्यात पाणी तापवून अंघोळी केल्या. कपाटातली टाकी गार पडली. आईनं भांड्याला टॉवेल गुंडाळला, त्यावर तोरबाचा मफलर गुंडाळला, गाठ मारली. शनिवारी सकाळी ताटली काढली तर आत दूध.

"मी पटकन दुकानातून आणते," ती म्हणाली. चप्पल घालायलाही लागली होती. "कोपऱ्यावर तर आहे."

बाबा कोट घालत होते, त्यांची वीकेंडची शिफ्ट होती. ते म्हणाले, "आता पुरे हा खुळेपणा. क्लबची गाडी बाहेर उभी आहे, पोराला उशीर होतोय." रागानंही नाही म्हणाले. घड्याळाकडे बघत म्हणाले.

तोरबा दारात उभा होता. सवयीनं त्याचा हात अर्धा वर आला होता. त्यानं तो खाली घेतला, आईकडे बघून हसला आणि गेला.

मी त्या दिवशी मॅचला होते. कुणी त्याला धक्का दिला नाही, कुणी पाडला नाही. तो एकटाच होता मधे. त्यानं मान वळवून मागे बघितलं, चेंडू आला, तो वळला. वरचं शरीर वळलं आणि पाय वळला नाही. तो खाली बसला, नुसता बसला, लहान मुलं मातीत बसतात तसा. आवाज काहीच झाला नाही. आईच्या हातातल्या थर्मासचं झाकण मात्र पडलं आणि पायऱ्यांवरून टणटणत खाली गेलं, ते मला नीट ऐकू आलं.

आम्ही त्याला बाबांच्याच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, ए अँड ईला, घेऊन गेलो. एक्स-रेच्या खोलीचं दार उघडलं आणि आत बाबा. कामाच्या गणवेशात, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि ट्रॉलीची कड धरून त्याला आत घेतलं. दाराला काचेची एक उभी पट्टी होती. तिच्यातून मला बाबांची पाठ दिसत होती. ते स्क्रीनसमोर उभे होते, आणि कितीतरी वेळ उभेच होते.

हाडाच्या कडेचा एक टवका निघाला होता, नखाच्या तुकड्याएवढा. त्याचा अर्थ काय ते मला बाबांनी खूप नंतर सांगितलं. तो टवका दिसला की समजायचं, आतली गुडघ्याची मुख्य दोरी तुटलेली आहे. बाबांनी असे गुडघे आयुष्यभर बघितले होते. पण फोटो काढणाऱ्यानं निदान सांगायचं नसतं, ते डॉक्टरांचं काम. हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता, शेजाऱ्यांसाठी नाही की नातेवाइकांसाठी नाही.

ट्रॉली बाहेर आली. तोरबानं मान वर केली आणि विचारलं, "काका, ओके?"

"डॉक्टर सांगतील," बाबा इंग्रजीत म्हणाले. ते सगळ्या पेशंटना म्हणायचे तसंच, त्याच आवाजात. फक्त ट्रॉलीच्या कडेवरचा हात त्यांनी काढला नाही. तसेच बरोबर चालत गेले, कॉरिडॉर संपेपर्यंत. तिथून त्यांना परत फिरावं लागलं, पुढचा पेशंट बसला होता.

तो त्या वेळी घरातल्या माणसाला विचारत होता. हे बाबांना कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. कळलंच होतं.

सोमवारी बॉयलर सुरू झाला. भांडं कपाटातच राहिलं होतं, कुणाच्या लक्षात नव्हतं. मंगळवारी आईनं ताटली उचलली तर आत घट्ट, कवडीचं दही. सुरीनं कापावं असं. इतकं सुंदर दही तिचं कधी लागलं नव्हतं. ती बघत उभी राहिली आणि मग तिनं त्याची कढी केली. आम्ही चौघांनी ती कढी प्यायली, तोरबा एक पाय स्टुलावर ठेवून. आईनं बाबांना तेव्हा एक शब्द विचारला नाही, नंतरही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तिनं कुणाच्याच हातावर दही घातलं नाही. घरात दही लागायचं, जेवताना वाढायची, पण हातावर नाही. माझ्या बारावीच्या, म्हणजे इथल्या ए-लेव्हलच्या पेपरला मी मुद्दाम दारात हात पुढे केला. तिनं त्यावर सफरचंदाची फोड ठेवली.

पुढचं सगळं सांगत बसले तर ते नुसतं उतरणीचं सांगणं होईल. ऑपरेशन झालं. तो महिनोन्महिने खालच्या खोलीत सोफ्यावर झोपला, आमच्या जिन्याच्या पायऱ्यांवर व्यायाम करायचा, चढ, उतर, चढ, उतर. मी वर अभ्यास करताना त्याचा तो एक जड पाय ऐकत असायचे. मँचेस्टरचा माणूस परत आला नाही. तोरबा परत खेळायला लागला आणि सगळे म्हणाले, काही फरक नाही. पण आई मॅच बघून आली आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "आता तो मागे बघत नाही गं. पायाकडे बघतो."

क्लबनं त्याला सोडलं. पुढच्या वर्षीचा मे महिना होता, मागच्या अंगणात मॉरीनचं लायलॅकचं झुडूप फुललं होतं. त्यानं बॉक्स रूम स्वतः झाडली, गादी उभी केली आणि मफलर आईच्या हातात दिला. "फॉर द दही, काकू."

मग जर्मनीतली तिसरी डिव्हिजन. मग चौथी. मधे ऑस्ट्रियात कुठंतरी एक वर्ष, डोंगरातल्या एका गावात. दुसरं ऑपरेशन, त्याच गुडघ्याचं. मग त्याच्या स्वतःच्या गावचा क्लब, जिथं आठवडाभर तो मामाबरोबर घरांची छपरं बसवायचा आणि शनिवार-रविवार खेळायचा. त्याचं नाव कुणाला माहीत असायचं कारण नाही. फोन मात्र यायचा, आईच्या वाढदिवसाला आणि चौदा एप्रिलला, न चुकता. "काकू, जेवलीस?" आई त्याला सांगायची, मी मोठी आहे, 'जेवलात' म्हण. तो म्हणायचा, "ओके. जेवलीस?"

गेल्या हिवाळ्यात आई गेली तेव्हा तो दुसऱ्या दिवशी आला. काळ्या कोटात, केस विरळ झालेले, कान तसेच. क्रेमेटोरियममध्ये पेटीला खांदा द्यायला तो पुढे झाला आणि त्याला कोण नको म्हणणार? समोर भन्तेजींचा आवाज, बुद्धं शरणं गच्छामि. मी बाबांकडे बघितलं. ते पेटीकडे बघत नव्हते. ते त्याच्या उजव्या गुडघ्याकडे बघत होते. प्रत्येक पावलाला तो किंचित आत जात होता.

तर हे भांडं, आणि हा मफलर.

शुक्रवारी मी बाबांना समजावायचा प्रयत्न केला. उन्हाळ्यात त्यांनी जुना बॉयलर काढून नवा बसवून घेतला, भिंतीवरचा छोटा. त्याला टाकी लागत नाही. टाकी निघाली, कपाटात केवढी जागा झाली म्हणून खूश होते ते. "बाबा," मी म्हणाले, "त्या कपाटात आता ऊबच नाही. टाकी गेली ना. म्हणून लागत नाहीये."

"मफलर आहे की."

"मफलर काय ऊब तयार करतो का? ओव्हनमध्ये ठेवू, नुसता दिवा लावून. मँचेस्टरला माझ्या घरी तसंच लागतं."

"तुझं तू तुझ्या घरी लाव."

"बरं, मग मी दुकानातून आणते चांगलं घट्ट..."

"दुकानातलं नको!" ते ओरडलेच. मग टेबलावरचा एक नसलेला कण बोटानं उचलत म्हणाले, "दोन मिनिटांचं काम होतं. ती चप्पल घालत होती."

"बाबा, दह्यानं गुडघा वाचतो का? तुम्हीच म्हणायचात."

"नाहीच वाचत. मला काय कळत नाही? वळताना पाय जमिनीत रुतला. दह्याचा काय संबंध?" त्यांनी चष्मा काढला. "पण तिला वाटायचं ना गं. शेवटपर्यंत वाटत होतं तिला, आपलं दही लागलं नाही म्हणून. मी एकदा म्हणायला हवं होतं, चूक माझी झाली. तू आणलं असतंस तर बरं झालं असतं. पण खोटं कसं म्हणू, सुजा? मला जमलं नाही. तिकडं त्याला खरं सांगता आलं नाही आणि इकडं हिला खोटं सांगता आलं नाही."

मी चहा केला. दुसरं काय करणार? संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी भरून भांड्याशेजारी ठेवली, तेवढं त्यांनी ठेवू दिलं. रात्री ते दोनदा उठून पाणी बदलून आले.

शनिवारी दुपारी ताटली काढली. ना धड दूध, ना धड दही. चमचा घातला की तार येत होती. बाबांनी वास घेतला. वाटीत घेतलं, वर साखर घातली, चिमटीनं, मोजूनमापून.

तिकडे मॅचला तास होता. मी माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. तोरबा कार पार्कमध्ये उभा होता, मागे एक बुटकी इमारत, झेंडा, वाऱ्याचा घोंगावणारा आवाज. ट्रॅकसूटची एक पँट वर केलेली, गुडघ्याला जाड पट्टा. "काका! सुजा!" तो म्हणाला. "मे बी ट्वेंटी मिनिट्स आय प्ले. मे बी लेस. माझा मुलगा आलाय बघायला." खरंच एक लहान डोकं मधेच स्क्रीनमध्ये आलं आणि गेलं.

बाबांनी माझ्याकडून फोन घेतला. टेबलावर आडवा ठेवला. वाटी डाव्या हातात धरली.

"टॉर्बेन," ते म्हणाले. "हात."

तिकडं वाऱ्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग स्क्रीनवर तळहात आला. पुढे पुढे आला आणि सगळी स्क्रीन भरून गेली, छपरं बसवून खरखरीत झालेला, रेषारेषांचा हात. बाबांनी चमचा भरला. त्यांनी ते पांढरं पाणी माझ्या फोनवर, बरोबर त्या तळहाताच्या मधे सोडलं. ते काचेवरून ओघळलं आणि कडेनं टेबलावर गेलं.

हात मागे गेला. आम्हाला त्या ओघळातून तो पुसट दिसत होता. त्यानं तो रिकामा तळहात तोंडाशी नेला आणि चाटला, अख्खा, तस्साच मोठ्ठा आवाज करून. मग पँटला पुसला.

कुणीतरी तिकडून त्याला हाक मारली. तो जायला वळला, थांबला. फोन खाली नेऊन त्यानं आम्हाला तो गुडघा दाखवला, पट्ट्यातला, सुजलेला. पुन्हा चेहरा आला.

"काका, ओके?"

बाबांना तो गुडघा दिसला होता. मलाही दिसत होतं की तो ओके नाही, तर त्यांना काय काय दिसलं असेल. मी वाट बघत होते, आता म्हणतील, डॉक्टरांना विचार.

"ओके," बाबा म्हणाले. "एकदम ओके आहे, बाळा. जा, खेळ."

तो हसला आणि स्क्रीन काळी झाली. बाबांनी शर्टाच्या बाहीनं माझा फोन पुसला, पुन्हा पुन्हा, कोरडा झाला तरी. मग उरलेलं वाटीतलं परत भांड्यात ओतलं, ताटली ठेवली, मफलर गुंडाळला. गाठ त्यांना एकदा नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा मारली. भांडं दोन्ही हातांत धरून ते जिना चढले. मी खालून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज ऐकला.

"मॅच संपेपर्यंत लागेल," ते वरून म्हणाले.

"हो, बाबा," मी म्हणाले.